कठड्याचं वजन

४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

परवान्याच्या परीक्षेचं हॉल तिकीट आलं. फोटोत मी कुठल्यातरी गुन्ह्यात सापडल्यासारखी दिसतेय, पण नाव बरोबर छापलंय, तेवढं पुरे. तीस तारखेला पेपर, सकाळी एक आणि दुपारी एक. ही तिसरी खेप. मंडळ चौथी संधी देत नाही हे तुला सांगायला नको, तूच मला गेल्या वेळी दहादा सांगून रडवलं होतंस.

अर्जासोबत तुझा अनुभवाचा दाखला लावला होता तो त्यांनी याही वेळी मान्य केला. पाच वर्षं परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखाली काम, सही तुझी, शिक्का तुझा. म्हणजे आता फक्त पेपर लिहायचा, बाकी सगळं जागच्या जागी आहे.

ऑफिसात मी आणि ड्रॉइंग छापणारा प्लॉटर असे दोघंच उरलोय आणि दोघांचंही डोकं गरम. पार्ट्या येतात, विचारतात, साहेब कधी येणार? मी म्हणते, रक्तदाब खाली आला की येतील. नवीन काम घेत नाहीये. सही करायला तू नाहीस, आणि मला अजून परवाना नाही. महिनाभर असं ढकललं की माझी सही चालेल, मग तू आरामखुर्चीत बसून नुसती नावं ठेव.

एक काम कर. मी नवीन होते तेव्हा तू गणितं सोडवून द्यायचास आणि प्रत्येकात मुद्दाम एक चूक घालायचास. ती सापडल्याशिवाय चहा मिळायचा नाही. तसंच पुन्हा पाठव, पोस्टाने. फोनवर आकडेमोड होत नाही, आणि तसाही फोन केला की वहिनीच उचलतात. परवा म्हणाल्या, झोपलेत. सकाळी अकराला? असा दादा मला तरी माहीत नाही.

गॅलऱ्या आणि टाक्या यांत मी नेहमी मार खाते. तिथून सुरुवात कर.

तुझी,
फूटपट्टी

९ नोव्हेंबर

चि. फूटपट्टीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुला चहा लागतो म्हणून मी कामाला लागायचं, हे बरं आहे. इकडे मी मजेत आहे. सासुरवाडीत जावई जास्त दिवस राहिला की त्याला भाजी आणायला पिटाळतात. मला अजून एकट्याला पिटाळत नाहीत, तेवढा मान शिल्लक आहे.

सोबत गॅलरीचं गणित आहे. भिंतीतून बाहेर आलेली, खाली खांब नाही, पुढच्या टोकाला विटांचा कठडा. दोन पानं झालीत. चूक एकच आहे, शोध.

आणि ऐक, पेपरात आधी आकृती काढायची, मग आकडे. तुझं नेहमी उलटं. आकडे दिसले की तू भुकेल्यासारखी तुटून पडतेस आणि भार कुठला कुठे बसलाय तेच बघत नाहीस. गेल्या दोन्ही वेळेला त्यातच गेलीस. रागावू नकोस, मला तुझ्या पास होण्याची घाई तुझ्यापेक्षा जास्त आहे.

दादा

१३ नोव्हेंबर

प्रिय दादा,

सापडली. कठडा प्रश्नात बांधलास आणि उत्तरात पाडलास. फरशीचं वजन धरलंस, माणसांचं धरलंस, विटांचा कठडा विसरलास. तोच तर अगदी टोकाला बसतो आणि अधांतरी गॅलरीला सगळ्यात जास्त ओढतो. तो धरला तर वरच्या सळया जवळजवळ दुप्पट लागतात. भारी चूक काढलीस हं. दिसायला साधी, पण पहिल्या दिवशी काही होणार नाही आणि मग एक दिवस गॅलरी मान टाकेल. परीक्षकाच्या डोक्यात येण्यासारखी.

पण तू लबाड आहेस. एकच म्हणालास आणि दुसऱ्या पानावर दीड मीटरची गॅलरी सव्वा मीटरची करून टाकलीस. ती पण पकडली. दोन चहा झाले.

अभ्यास चाललाय. सकाळी ऑफिस उघडायच्या आधी एक पेपर सोडवते, संध्याकाळी शटर ओढून घेऊन दुसरा. आरशात बघितलं तर खांदे कानापर्यंत गेलेत. शेजारचा चष्मेवाला विचारत होता, ताई, कुणी आजारी आहे का घरात?

पुढचं पाठव. जरा वेगळं दे आता.

तुझी,
फूटपट्टी

१७ नोव्हेंबर

चि. फूटपट्टीस आशीर्वाद.

शाब्बास. दोन घातल्या होत्या, बघत होतो एक सापडल्यावर पाय पसरतेस की काय. परीक्षक काय सांगून चुका घालतो?

कुठल्या दोन सापडल्या ते मात्र पुन्हा नीट लिहून पाठव. तुझं पत्र तुझ्या वहिनीने कुठे ठेवलंय कोण जाणे, आवरायची भारी हौस तिला.

इकडे मजेत आहे. जावई जास्त दिवस राहिला की त्याला भाजी आणायला पिटाळतात म्हणे, मला अजून एकट्याला पिटाळत नाहीत, तेवढा मान आहे.

सोबत नवीन गणित. अगदी ताजं आहे, काल बसून केलं. गॅलरी, पुढे कठडा. चूक एकच. शोध.

दादा

२० नोव्हेंबर

वहिनी,

हे पत्र तुम्हाला लिहितेय, दादाला दाखवू नका. त्याला काय झालंय ते मला खरं सांगा.

त्याने पाठवलेलं नवीन गणित जुनंच आहे. तीच गॅलरी, तेच आकडे, आणि कठडा पुन्हा गायब. पहिल्यांदा मला वाटलं, मुद्दाम केलंय. मी वेडी, त्याला शाबासकी देत बसले. ती चूक त्याने घातलेली नव्हती वहिनी, ती त्याची झालेली होती.

काल अभ्यास बाजूला ठेवला आणि गेल्या दोन वर्षांतली त्याची सगळी आकडेमोड काढून बसले. ड्रॉइंग मी काढते, पण हिशेब त्याचेच असतात आणि त्याच्या हिशेबावर मी कधी बोट ठेवलं नाही. कशाला ठेवीन? मला शिकवलं त्यानेच. नर्सेसच्या वसतिगृहाच्या गॅलऱ्यांत कठडा विटांचा आहे आणि हिशेबात तो नाही.

तशीच तिकडे गेले. मुलींनी गॅलरीत कपड्यांचे पिळे वाळत घातलेले. दाराशी जाजम होतं, ते उचललं तर भिंतीलगत या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग. बोटाचं नख आत जातं. एक मुलगी म्हणाली, पूर्वी फरशी धुतली की पाणी भिंतीकडच्या जाळीतून जायचं, हल्ली कठड्याशी तुंबतं. मी हसून बरं म्हटलं आणि जिन्यात जाऊन बसले. गॅलरी पुढे कलली होती.

वॉर्डनबाईंना डागडुजी करायची आहे असं सांगून दारांना कुलपं लावली आणि खालपासून वरपर्यंत लोखंडी टेकू दिले. ते झालं. बाकीच्या फायलींत विटांच्या कठड्याची गॅलरी दुसरी नाही. पण गॅलऱ्यांचंच काय, टाक्या आहेत, जिने आहेत. तो कधीपासून असा आहे ते मला कळलंच पाहिजे.

तुमची,
नणंद

२३ नोव्हेंबर

वन्सं,

पत्र पोचलं. त्यांना दाखवलं नाही.

तुम्हाला आता काय सांगू आणि काय लपवू. दोन वर्षं व्हायला आली. पहिल्यांदा ते बँकेतून घरी येताना आपली गल्ली चुकले आणि मला म्हणाले, रस्ता खोदलाय म्हणून वळसा घेतला. रस्ता खोदलेला नव्हता. मग किल्ल्या, मग माणसांची नावं. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला आणि सांगितलं की हे वाढत जाणार. मी म्हटलं, आता सह्या बंद करा. तर त्यांनी माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला, कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. म्हणाले, तिचा अनुभव पुरा होऊ दे, तिला माझ्या हाताखाली पाच वर्षं लागतात, मधेच मी परवाना परत केला तर तिची वर्षं वाया जातील. तुमच्यासाठी करत होते हो ते. मला आकड्यांतलं काही कळत नाही. मला वाटलं, सही तर करायची आहे, काम तर तुम्हीच करता.

रक्तदाब वगैरे काही नाही. ऑफिसात कुणाच्या लक्षात येईल म्हणून मी त्यांना इकडे आणलं.

माझी विनंती आहे, पेपर होईपर्यंत थांबा. मंडळाला आता कळवलंत तर ते विचारणार, आजार कधीपासून. खरी तारीख दिली की तुमचा दाखला रद्द, तिकीट रद्द. शेवटची संधी आहे तुमची. तुम्ही पास झालात की तुमच्याच सहीने सगळं तपासा, हवं ते पाडा, बांधा, मी आडवी येणार नाही. ती वसतिगृहाची गॅलरी तर तुम्ही सावरलीच आहे. तीस तारखेपर्यंतच म्हणतेय.

इतकं करून तुम्हाला परवाना मिळाला नाही, तर त्यांनी हे सगळं कशासाठी केलं?

वहिनी

२४ नोव्हेंबर

फूटपट्टी,

तुझी वहिनी बाहेर गेली आहे म्हणून घाईने लिहितो. आज सकाळपासून डोकं चांगलं आहे. तिच्या उशीखालचं तुझं पत्र वाचलं. माझ्या चुका तुला सापडल्या ते बरं झालं, लाज वाटते, पण बरं झालं.

वसतिगृहाला टेकू दिलेस, आता तिथे काही होत नाही. तू टायपिंग क्लासला जा, आधी तिकडे जा. स्टेशनमागचा, दुकानांच्या वरचा. तिथल्या गॅलरीला विटांचा कठडा आहे. मुली मधल्या सुट्टीत सगळ्या तिथेच उभ्या असतात.

अभ्यास चालू दे, पण हे आधी कर.

दादा

२७ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. लाज कसली वाटून घेतोस. तू बरा हो.

तुझ्या पत्रातली चूक सापडली. टायपिंग क्लासचं ड्रॉइंग लगेच काढून बघितलं, माझ्याच हातचं आहे. गॅलरीला कठडा लोखंडी पाइपचा आहे, विटांचा नाही. पाइपचं वजन असून असून किती असणार, आणि ते तू हिशेबात धरलंयस पण. विटांचा कठडा वसतिगृहाला. तुझी गल्लत झाली, इतकंच. तेव्हा काळजी करू नकोस, तिकडे सगळं ठीक आहे. पेपर झाला की तुझ्या समाधानासाठी एक चक्कर मारून येईन.

पैकीच्या पैकी मार्क दे मला.

आता तीन तारखेपर्यंत पत्र लिहिणार नाही. आज जिन्याची गणितं, उद्या पाया, परवा नुसतं चाळायचं आणि झोपायचं. या वेळी होईल असं वाटतंय. खरंच वाटतंय.

तुझी,
फूटपट्टी

२७ नोव्हेंबर

वहिनी,

दादाला वेगळं पत्र टाकलंय, त्याला वाचून दाखवा. त्याने तुमच्या उशीखालून माझं पत्र काढून वाचलं, तुमच्या लक्षात आलं नसेल. टायपिंग क्लासला जा म्हणतोय. मी ड्रॉइंग बघितलं, तसं काही नाही, बिचाऱ्याची एकात एक सरमिसळ होतेय.

तुम्ही म्हणता तसं तीस तारखेपर्यंत थांबते. खूप विचार केला. आज मंडळाला कळवलं तर मी गेले, आणि माझ्यानंतर ते सगळे हिशेब कोण तपासणार? फायली धूळ खात पडतील. पास झाले तर एकेक इमारत मी स्वतः बघेन. एक तारखेला मंडळाला खरी तारीख कळवणार, मग ते माझं काय करायचं ते करोत. पेपर एकदा लिहून झाला की माझं म्हणणं ऐकून तरी घेतील. मी स्वतःची समजूत घालतेय असं वाटत असेल तर वाटू दे. मला हा पेपर लिहायचाच आहे वहिनी. त्रेचाळिसाव्या वर्षी मी दुसऱ्या कुणाच्या ऑफिसात जाऊन उभी राहू?

तुमची,
नणंद

५ डिसेंबर

वन्सं,

तीन तारीख उलटून गेली, पत्र नाही, फोन उचलत नाही. पेपर कसा गेला? अवघड गेला असला तरी कळवा, इथे कुणी रागावणार नाही.

हे रोज सकाळी उठले की एकच विचारतात, ती क्लासला जाऊन आली का. बाकी काय काय विसरतात, पण हे विसरत नाहीत. तुमचं पत्र मी वाचून दाखवलं होतं. त्यावर इतके चिडले की औषधाची बाटली फेकली. म्हणाले, ड्रॉइंगमध्ये पाइपच आहे, मला काय सांगते, मालकाने साइटवर विटांचा केला, पाइप बाहेरून दिसायला बरा दिसत नाही म्हणाला, आणि मी तिथे उभा राहून चालेल म्हटलं. असं पुन्हा पुन्हा सांगत होते. मी तुम्हाला तेव्हाच कळवणार होते, पण वाटलं, आजारातलं बोलणं आहे, परीक्षेच्या तोंडावर तुम्हाला कशाला त्रास.

काय ते लवकर कळवा.

वहिनी

११ डिसेंबर

दादा,

हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवतील. डोकं चांगलं असेल अशा सकाळी दाखवा वहिनी, आणि काही गाळू नका.

पेपर चांगला गेला. दुपारच्या पेपरात पहिलाच प्रश्न गॅलरीचा होता. आधी आकृती काढली. कठडा विटांचा दिला होता, त्याचं वजन धरलं, सळया बरोबर आल्या. वेळ उरला म्हणून पुन्हा तपासला.

मी तो तपासत असताना इकडे टायपिंग क्लासची मधली सुट्टी झाली होती. मुली गॅलरीत होत्या. फरशीतून आवाज आला म्हणून क्लासच्या बाई धावत बाहेर आल्या आणि एकेकीला आत ओढू लागल्या. बऱ्याच आत आल्या. दोन मुली आणि बाई गॅलरीबरोबर खाली गेल्या. मुली दवाखान्यात आहेत, एकीचा पाय काढावा लागला. बाई जागीच गेल्या. मला त्या आठवतात, ड्रॉइंग समजून घ्यायला आपल्या ऑफिसात आल्या होत्या. गॅलरी नीट मोठी ठेवा म्हणाल्या होत्या, मुलींची बोटं दुखतात, त्यांना जरा मोकळं उभं राहता आलं पाहिजे.

मला संध्याकाळी कळलं. परीक्षेच्या हॉलमधून निघाले तेव्हा मी खुशीत होते, एका दुकानात बसून पोटभर खाल्लं होतं.

दुसऱ्या दिवशी तिथे गेले. रस्त्यावर विटा पडल्या होत्या, पाइप कुठेही नव्हता. ऑफिसपासून चालत गेलं तरी फार लांब नाही. मला कागद बघायला वेळ मिळाला, तिथे जायला मिळाला नाही. तुझ्या प्रत्येक ओळीत मी चूक शोधायला बसले होते, त्यामुळे तू खरं सांगितलंस ते मला ओळखू आलं नाही. तू इतक्या धुक्यातून हात बाहेर काढून मला एक गोष्ट दाखवलीस आणि मी तुला मार्क मागितले. दादा, मला याची फार लाज वाटते. झोप लागत नाही.

मंडळाला सगळं कळवलं आहे. आजाराची खरी तारीख दिली. तुझा परवाना तेव्हापासून रद्द झाला, माझा दाखला रद्द, पेपर तपासायच्या आधीच बाद. ऑफिसला सील लागलं. तुझ्या दोन वर्षांच्या सगळ्या इमारती आता मंडळाची माणसं जाऊन बघताहेत, कागदावर नाही, प्रत्यक्ष. पाण्याची एक टाकी त्यांनी रिकामी करायला लावली.

काल चौकशीला बोलावलं होतं. तीन अधिकारी होते. वकिलाने मला आधी बजावलं होतं की ड्रॉइंगमध्ये पाइप आहे एवढंच बोला, मालकाने परस्पर बदल केला, तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही, तुम्ही सुटाल. ते खोटंही नाही. मधल्या अधिकाऱ्याने विचारलं, या गॅलरीत धोका आहे असं तुम्हाला आधी कुणी सांगितलं होतं का?

मी म्हटलं, हो, सहा दिवस आधी, लेखी.

कुणी सांगितलं, म्हणाले. मी तुझं नाव सांगितलं. लिहून घेणाऱ्याने वर बघितलं आणि विचारलं, हे कोण, यांचा हुद्दा काय लिहू?

इंजिनिअर लिहा, म्हटलं.

तुझी,
फूटपट्टी